मागचे विसरायचे म्हणजे काय?

प्रश्न : बायबलमधील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१३) प्रेषित पौल मागील गोष्टी विसरण्याविषयी बोलतो. घडून गेलेले मनातून पुसले जात नसेल, तर आपला विश्वास उणा समजायचा का? मूळ ग्रीक शब्द काय सांगतो?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. येथे ‘एपिलान्थानोमाय’ हे क्रियापद आहे आणि त्याच्या पोटात ‘लान्थानो’, म्हणजे नजरेतून निसटणे किंवा लपून राहणे, हा धातू आहे. बायबलच्या नव्या करारात ते आठ वेळा येते. येशूचे शिष्य भाकरी घ्यायला विसरले (मार्क ८:१४), तेथे अर्थ आपल्या रोजच्या विसरण्याचाच आहे. पण तुमचे श्रम विसरायला देव अन्यायी नाही असे इब्री लोकांस पत्रात (६:१०) म्हटले आहे, तेथे प्रश्न स्मरणशक्तीचा नसून, एखाद्याचे केलेले लक्षात घ्यायचे की दुर्लक्षित ठेवायचे, याचा आहे.

पौलाचे वाक्य याच दुसऱ्या अर्थाजवळचे आहे, कारण त्याच अध्यायात काही ओळी आधी तो आपला बन्यामीन वंश, आपले परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातले असणे) आणि ख्रिस्ती मंडळीचा आपण केलेला छळ हे सारे स्वतःच मोजून दाखवतो. ज्याला काही आठवतच नाही, तो अशी यादी देऊ शकणार नाही. शिवाय त्याने वापरलेले ‘एपिलान्थानोमेनोस’ हे रूप वर्तमानकाळी धातुसाधित आहे. मराठीत ‘विसरून’ म्हटले की काम संपल्यासारखे वाटते. मूळ रूपाची छटा मात्र ‘विसरत’ अशी, चालू क्रियेची आहे. त्याच्या जोडीला येणाऱ्या शब्दाचा अर्थ पुढच्याकडे अंग ताणून झेपावणे असा आहे, आणि पुढच्याच वचनात बक्षिसासाठी धावण्याचे चित्र येते. धावणाऱ्याला मागची वाट ठाऊक असते, फक्त तो वळून तिच्याकडे पाहत नाही.

या धातूची एक सुंदर गुंफण इब्री १३:२ मध्ये आहे. पाहुणचार विसरू नका, कारण त्यामुळे काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, या वाक्यातील ‘विसरू’ आणि ‘नकळत’ हे दोन्ही मुळात ‘लान्थानो’चेच आहेत, अनुवादात ही जवळीक हरवते, याची मला नेहमी हळहळ वाटते.

देव पापे विसरतो असे आपण सहज म्हणतो, परंतु इब्री ८:१२ मध्ये हे क्रियापद नाही. तेथील शब्द ‘मी त्यांची पापे यापुढे आठवणार नाही’ असे आहेत.