तालुक्यांची यादी रिकामीच राहते

प्रश्न : आमच्या जेएसएफच्या (जावातील वेब-पाने बनवण्याच्या चौकटीच्या) अर्जात जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी भरायला हवी. अजॅक्स विनंती (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडे जाणारी) जाते, २०० हा यशाचा प्रतिसादही येतो, मात्र सर्व्हरवरील लिसनर (निवड बदलल्यावर चालणारा कोड) चालतच नाही आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही. चूक कुठे असावी?

उत्तर : २०० या आकड्यावर विसंबू नका, कारण सर्व्हरवर अपवाद (एक्सेप्शन) घडला तरी जेएसएफ बहुधा २०० देऊनच तो एक्सएमएल उत्तरात ‘एरर’ घटक म्हणून पाठवते, म्हणून ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये उत्तराचा मजकूर वाचावा. तिथे ‘एरर’ नसेल, तर माझा संशय अजॅक्स टॅगच्या ‘एक्झिक्यूट’ या, सर्व्हरवर काय तपासायचे ते सांगणाऱ्या, गुणधर्मावर आहे. तिथे ‘@फॉर्म’ लिहिले असल्यास संपूर्ण अर्ज तपासला जातो, आणि मोबाइल क्रमांकासारखा एखादा अनिवार्य रकाना रिकामा असला की पडताळणी तिथेच अडते, लिसनरचा टप्पा वगळून थेट उत्तर तयार होते. त्रुटीचा संदेश दाखवणारा घटक ‘रेंडर’मध्ये (पडद्यावर काय ताजे करायचे ते सांगणाऱ्या गुणधर्मात) नसल्यामुळे ही अडचण पडद्यावर उमटत नाही. (हा सापळा मीही अनुभवला आहे, आणि तोही दोनदा.) ‘एक्झिक्यूट’ गाळल्यास मूळचे ‘@धिस’ लागू होते आणि केवळ जिल्ह्याची सूची तपासली जाते. ‘रेंडर’मध्ये तालुक्यांच्या सूचीसह संदेशाचा घटकही द्यावा. शोध चालू असेपर्यंत प्रकल्पाची अवस्था ‘डेव्हलपमेंट’ ठेवावी, म्हणजे अजॅक्समधील त्रुटी ब्राउझरच्या सूचना-चौकटीत दिसतात.

यादी भरू लागल्यावर अर्ज पाठवताना ‘मूल्य वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बीन (यादी सांभाळणारी जावा वस्तू) रिक्वेस्ट स्कोपऐवजी, म्हणजे दर विनंतीला नवी बनण्याऐवजी, व्ह्यू स्कोपमध्ये, म्हणजे तेच पान उघडे असेपर्यंत टिकेल अशी, ठेवावी.