अणशी-दांडेलीत गाडी काढून तंबू ठोकत फिरता येतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याहून चौघंजण, एक गाडी, दोन तंबू. बेळगावमार्गे अणशी राष्ट्रीय उद्यानात उतरायचं, रोज ट्रेक करायचा, वाटेल तिथं मुक्काम करायचा, चार दिवसांत परत. जमेल का?

जमेल. फक्त त्यातलं ‘वाटेल तिथं’ तेवढं खोडून टाका.

माझं गाव खानापूर तालुक्यातलं, नोकरी बेळगावात. त्यामुळे हे जंगल आम्हाला परसाला लागून असल्यासारखंच. वर्षातून दोन-तीन चकरा होतातच. त्यावरून सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. ते आणि शेजारचं दांडेली अभयारण्य मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात, तिथल्या काळी नदीवरून. जिल्हा उत्तर कन्नड, तालुका मुख्यतः जोयडा. बेळगाव नव्हे. परवानगीसाठी बेळगावच्या ऑफिसात खेटे घालून वैतागलेली मंडळी मी पाहिलीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. खानापूरच्या बाजूला आहे ते भीमगड अभयारण्य, ते वेगळं.

आता तंबू. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात विनापरवाना घुसणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तिथं मुक्काम ठोकणं तर सोडाच. ‘अरण्य इलाखे’ (म्हणजे वनखातं) असं कन्नडमध्ये लिहिलेला बोर्ड दिसला की समजायचं, इथून पुढं आपलं काही चालत नाही. तंबूतच झोपायची हौस असेल तर कुळगी, अणशी, कॅसलरॉक इथं सरकारी कॅम्प आहेत, त्यांचं आधी बुकिंग करा. तिथले तंबू कायमचे उभे असतात, खाट-गादीसकट. स्वतःचाच तंबू लावायचा असेल तर गणेशगुडी-जोयडा पट्ट्यात भरपूर होमस्टे आहेत. मालकाला फोनवर विचारून त्याच्या अंगणात किंवा सुपारीच्या बागेत लावा. ऐकायला मचूळ वाटेल, पण रात्री दोन वाजता कुंपणापलीकडं काहीतरी जड पावलांनी चालायला लागलं की मालकाच्या घरातला दिवा फार बरा वाटतो.

आणि काळीच्या काठावर तंबू नको. अजिबात नको. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघं मित्राच्या बोलेरोतून गेलो होतो. गणेशगुडीच्या खालच्या अंगाला दुपारी नदीत पाणी घोट्याएवढं होतं आणि मधोमध चौरंगासारखे सपाट खडक. एकानं स्टोव्ह तिथंच मांडला, भात टाकला. पलीकडच्या काठाला एक म्हातारबा म्हशी धूत होता. त्यानं कोंकणीत काहीतरी ओरडून हात वर केला. आम्ही पण हात वर केला, रामराम समजून. तो पुन्हा ओरडला आणि म्हशींना पाठीत काठी घालून वर हाकलायला लागला. तेव्हा कुठं मी खाली बघितलं. मघाशी चपला काढून ठेवल्या होत्या तो दगड दिसत नव्हता. पाऊस नाही, ढग नाही, लोंढ्याचा आवाजसुद्धा नाही. पाणी आपलं मुकाट वर येत होतं. एकानं पातेलं उचललं, एकानं पेटता स्टोव्ह, मी सॅक. काठाला लागेपर्यंत मांड्या भिजल्या होत्या. चपला गेल्या. खाली अजून तीन धरणं आहेत, त्यामुळे कारवारपर्यंत काही पोचल्या नसाव्यात.

झालं होतं एवढंच की वर सुपा धरणाखालच्या वीजघरात जनित्रं सुरू झाली होती. धरण १०१ मीटर उंच, पायथ्याला ५० मेगावॉटचे दोन संच. वीज लागली की पाणी सोडतात, वीज नको असेल तर नदी पुन्हा ओढ्यासारखी. तिथलं राफ्टिंगसुद्धा याच पाण्यावर चालतं. वेळापत्रक नदीकाठच्या लोकांना पाठ, आपल्याला नाही. पुढं दांडेलीत याच नदीत मगरी आहेत, हे कारण वेगळंच. जाता जाता: जुनं सुपा गाव या धरणाच्या पोटात गेलं. म्हणून जुनी माणसं अजून तालुक्याला सुपाच म्हणतात.

रस्ता सोपा आहे. बेळगाव–खानापूर २६ किलोमीटर, तिथं टाकी फुल्ल करा आणि पोटोबा पण. पुढं लोंढा, रामनगर. रामनगरला गोव्याचा रस्ता सोडून डावीकडं जगलबेट, मग गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा, अणशी. अणशीनंतर घाट उतरला की कद्रा आणि शेवटी कारवार. पुढं पुढं मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पावसाळ्यात अणशी घाटात दरडी येतात, तेव्हा हा रस्ता धरूच नका.

दिवस असा आखा की सहाच्या आत गाडी मुक्कामाला लागलेली असेल. एकदा आम्ही उळवीला चन्नबसवेश्वरांचं दर्शन घेऊन, चहा पीत, गप्पा हाणत अंधारात परत निघालो. एका नाक्यावर गार्डनं टॉर्च मारला. “कुठं निघालासा ओ एवढ्या रातचं?” आम्ही शहाणपणा केला, जवळच जातोय म्हणालो. त्यानं नाव, नंबर वहीत लिहून घेतलं आणि “सावकाश जावा” एवढंच म्हणाला. दोन वळणं गेली असतील. हेडलाईटमध्ये रस्त्यावर चार पांढरे पायमोजे दिसले, नुसते मोजेच, वरती काही नाही. मग त्या मोज्यांच्या वरचा काळोख हलला. गवा. हजार किलोच्या आसपास वजन भरतं पूर्ण वाढलेल्या नराचं आणि त्याला हॉर्नची काही घाई नसते. इंजिन बंद करून वीस मिनिटं बसलो. ‘सावकाश’चा अर्थ तेव्हा कळला.

ट्रेकचं म्हणाल तर तुमच्या यादीत पहिलं नाव दूधसागर असणार, खात्रीनं. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जायचं डोक्यातून काढा. त्यावर बंदी आहे; २०२३ च्या पावसाळ्यात तसं गेलेल्यांना रेल्वेवाल्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. आमच्या कॉलेजच्या काळी आम्ही पण गेलोय, खोटं कशाला बोलू. पण बोगद्यात मागून मालगाडी आल्यावर भिंतीला पाल होऊन चिकटायची मजा एकदाच पुरते. त्याऐवजी कॅसलरॉकजवळच्या कुवेशीला जा. वनखात्याचा वाटाड्या घेऊन जंगलातून चालता येतं. वाटा कधी सुरू, कधी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा. त्या वाटेवर किंदळ आणि जांभळीखाली ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही.

वाघ दिसेल म्हणून जाऊ नका, दाट जंगल आहे, दिसत नाही. काळा बिबट्या इथं आहे म्हणून सगळे येतात आणि शेकरू बघून परत जातात. पण धनेश मात्र हमखास. दांडेलीच्या लाकूड डेपोत सकाळी सातला जाऊन नुसतं उभं राहा. पक्षी दिसायच्या आधी पंखांचा आवाज येतो, भाता ओढल्यासारखा. चार जातींचे धनेश आहेत या भागात. सिंथेरीचा कडाही बघण्यासारखा, मात्र तिथं आग्या मोहोळं लटकलेली असतात, सेंट मारून जाऊ नका आणि सिगारेट तर नकोच. कवळ्याची गुहा वेळ उरला तर.

महिने नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात जळवा. त्यावर इथला उपाय म्हणजे काठीच्या टोकाला फडक्यात मिठाची पुरचुंडी बांधायची, ओली करून जळूला टेकवली की सुटते. ओढून काढू नका. जळू फार तर रक्त पिते, खरी काळजी कोरड्या दिवसांतल्या गोचिडींची. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम, आणि तो गोचिडीतून पसरतो. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा ताप पहिल्यांदा सापडला, आता उत्तर कन्नडपासून दोडामार्गापर्यंत माहीत आहे. पायमोज्यात पँट खोचा, पाचोळ्यावर बसू नका, संध्याकाळी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला सांगा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना या जंगलात जाऊन आलोय हे आपण होऊन सांगा. पुण्यात ते कुणाला सुचणार नाही.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. नाक्यावर कन्नड, पण जोयड्यात कुणबी घरांतून कोंकणी बोलतात आणि मराठी सगळ्यांना कळतं. जेवण होमस्टेतच सांगून ठेवा. हिवाळ्यात गेलात तर त्यांच्याकडचे कंद मागा, नुसते उकडलेले, वर मीठ-मिरची. जोयड्यात तेव्हा कंदमुळांचा मेळासुद्धा भरतो, हातभर लांब आणि मुलाच्या डोक्याएवढे गड्डे मांडलेले असतात. डिकीत जागा ठेवून या. मागच्या खेपेला मी तंबू सीटवर घेऊन बसलो होतो.