बेतलेला सिनेमा, बेताचा सिनेमा

अहमदपूरहून एका निवृत्त गुरुजींनी विचारलंय : ‘नातवाबरोबर दशरथ मांझींवरचा हिंदी सिनेमा पाहिला. माणूस डोंगराएवढा, सिनेमानं मात्र हिरमोड केला. नंतर त्याच्याबद्दल मराठीत वाचायला गेलो तर जिथं तिथं “सत्य घटनेवर बेतलेला”. आमच्याकडे बेततं ते जिवावर! हा शब्द बरोबर आहे, की “आधारित” म्हणावं? आणि नातू म्हणाला, “आजोबा, बेतास बात होता.” तो बेत हाच का?’

गुरुजी, शब्द बरोबर आहे. पण तो कळायला शिंप्याच्या दुकानात जावं लागेल.

आमच्या अंबाजोगाईत गल्लीच्या तोंडाशी एक चाचा बसायचे. कापड घेऊन गेलं की आधी पाटावर पसरायचे, वीत लावून पन्हा बघायचे आणि मान हलवायचे : “पन्हा लहान हाय. फुल बाह्याचा बेत बसत न्हाई यात.” मग खडूनं रेघा मारायच्या, पाठ इथं, पुढचे दोन पल्ले इथं, उरल्या तुकड्यात कॉलर. या आखणीला आणि कापणीला म्हणायचं कापड बेतणं. शिवणं त्याच्या पुढचं. मशीन कुणीही चालवेल, बेतणारा हात वेगळा असतो, हे चाचांचं मत. कापताना रेघेच्या बाहेर दोन बोटं कापड सोडायचे, त्याला ‘माया’ म्हणतात. पोरगं वाढलं की शिवण उसवून सदरा सैल करता यावा म्हणून. (या शब्दावर कधीतरी वेगळं लिहायचंय. दोन बोटं जादा कापडाला माया म्हणणारी भाषा मला फार आवडते.)

बेत म्हणजे योजना, तो इथूनच उलगडतो. लग्नाचा बेत, हुरड्याचा बेत, ‘आज जेवायला काय बेत?’ सगळीकडे तीच गोष्ट : हाताशी असलेलं एवढं एवढं, त्यात काय काय बसवायचं. हिंदीतही ‘ब्योंतना’ म्हणजे कपडा मापानं कापणं.

आता ‘सत्य घटनेवर बेतलेला’ मधला ‘वर’ बघा. सदरा कापडावर बेतत नाहीत, अंगावर किंवा मापावर बेततात. म्हणजे या वाक्यात घडलेली गोष्ट हे अंग आणि सिनेमा हा सदरा. कापड दिग्दर्शकाचं, कात्री त्याची. अंग मात्र त्याचं नाही. म्हणून मला हा शब्द ‘आधारित’पेक्षा प्रामाणिक वाटतो. कात्री चालली आहे, हे तो लपवत नाही. ‘आधारित’ म्हटलं की खाली सगळं सत्याचं जोतं आणि वर इमारत, असा आव येतो. शिवाय हा हिंदीच्या वळणाचा शब्द, मराठीत सरळ ‘आधारलेला’ आहे. ‘प्रेरित’ सगळ्यांत सुटसुटीत, त्यात कशाचीच हमी नाही.

तुमचा हिरमोड या मापानं बघू. मांझी बिहारच्या गया जिल्ह्यातल्या गेहलौरचे, मजूर. डोंगरवाटेवर बायको पडून जखमी झाली, दवाखाना लांब. या माणसानं 1960 ते 1982, बावीस वर्षं, छिन्नी-हातोड्यानं डोंगर फोडला आणि सुमारे 360 फूट लांब, 30 फूट रुंद वाट काढली. अत्री आणि वजीरगंज यांच्यातलं 55 किलोमीटरचं अंतर 15 वर आलं. अंगाचं माप हे असं. यात सगळ्यात मोठा भाग आहे तो एकट्या माणसाच्या रोजच्या ठोक्यांचा, ज्यात ‘घडत’ काहीच नाही. आपण वेरूळ जवळ असलेली माणसं. छिन्नीचा एक ठोका किती दगड उडवतो, हे तिथल्या भिंतीवर हात फिरवला तरी कळतं. 2015 च्या त्या सिनेमानं बरंचसं कापड नवरा-बायकोच्या प्रेमाला आणि इकडच्या तिकडच्या राजकारणाला लावलं. बावीस वर्षांसाठी उरल्या तुकड्यात कॉलर बसवली. नटानं जीव ओतलाय, त्याबद्दल वाद नाही. पण सदरा खांद्यात ढगळ आणि पाठीत आखूड झाला. म्हणजे बेत चुकला, शिवण नव्हे.

‘जिवावर बेतणं’ हे मात्र वेगळी चूल मांडून बसलंय. तिथं बेतणारा कुणी नसतो. प्रसंगच बेततो, आपण नुसते खाली सापडतो. शिंपी कापड बेततो, याला कर्म आहे. ‘त्याच्या जिवावर बेतलं’ याला नाही. म्हणून वाचताना गोंधळ सहसा होत नाही. सहसा! ‘एका शेतकऱ्याच्या आयुष्यावर बेतलेला सिनेमा’ असं वाचलं की माझ्या छातीत धस्स होतं : सिनेमा बघून गेला की काय बिचारा? अशा जागी ‘आयुष्यावरचा सिनेमा’ लिहावं, तीन अक्षरं वाचतात आणि माणूसही.

राहिला नातू. ‘बेताचा’ म्हणजे मापातला, मर्यादेतला. बेताची उंची, बेताची परिस्थिती. आपल्याकडचा पाऊसही बहुतेक वर्षी बेताचाच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा बहिणीकडे गेलो होतो. तांब्या हातात देताना ती म्हणाली, “बेतानं घे, दादा.” तेव्हा बेत म्हणजे माप, हे कोश न उघडता कळलं. ‘बेतास बात’ त्याच कुळातला : जेमतेम, चालण्यापुरतं. वाईट नव्हे.

म्हणजे तुमचं आणि नातवाचं मत एक नाही, गुरुजी. तुम्ही नापास केलात. त्यानं पस्तीस मार्क दिलेत.