बर्फातून निघून अमळनेरला पोचताना

शिकागोहून एका ताईंनी विचारलंय: "सासऱ्यांची पंचाहत्तरी २४ डिसेंबरला अमळनेरला आहे. आम्ही चौघं २१ला निघतोय. शिकागो ते फ्रँकफर्ट, तिथून दिल्ली, मग मुंबई, अशी तीन वेगवेगळी तिकिटं स्वस्तात मिळताहेत. २३च्या रात्रीची रेल्वे धरली की सकाळी घरी. पण बर्फाची धाकधूक वाटते. काय करावं?"

ताई, ही तिकिटं घेऊ नका. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान रखडलं की पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. त्या तिकिटाचे पैसे बुडतात, आणि परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर बहुतेक वेळा तोही रद्द होतो. शिकागो ते मुंबई एकच तिकीट असेल तर कुठेही अडकलात तरी तुम्हाला मुंबईला पोचवणं कंपनीच्या गळ्यात असतं. ऐन नाताळात चार माणसांची तिकिटं नव्याने काढायची वेळ आली, तर आज वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातील.

शिवाय तुमच्या वाटेवर बर्फाचे दोन विमानतळ आहेत आणि तिसरं दिल्लीचं धुकं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर तिथल्या सकाळी बेभरवशाच्या. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे पोरं आणि बॅगा घेऊन दिल्लीतही धावपळच. त्यापेक्षा दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे मुंबई बघा. बर्फाची काळजी एका शिकागोपुरती राहील.

बर्फ थांबला की विमानं सुटतील असं वाटतं, पण तसं होत नाही. उड्डाणाआधी पंखांवर ग्लायकोलचा फवारा मारून बर्फ काढतात. त्याचा परिणाम ठरावीक वेळच टिकतो. धावपट्टीसाठीची रांग लांबली की विमान पुन्हा फवाऱ्याला न्यावं लागतं. तोवर वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपतात, आणि आकाश निरभ्र असताना विमान रद्द होतं. २०२२च्या नाताळातल्या हिमवादळात अमेरिकेत हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि वादळ सरल्यावरही गाडी लगेच रुळावर आली नाही.

म्हणून निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून हवामानावर नजर ठेवा. मोठं वादळ येणार असलं की कंपन्या बऱ्याचदा आधीच तारीख फुकट बदलून देतात. ती सवलत जाहीर झाल्या झाल्या घ्या. विमान रद्द झाल्यावर अख्खा विमानतळ त्याच रांगेत असतो. विमान रद्द झालं आणि तुम्ही पर्यायी प्रवास नाकारलात, तर अमेरिकेच्या नियमाने पैसे परत मिळतात. हवामानामुळे अडकलात तर हॉटेल देणं मात्र तिथे कंपनीवर बंधनकारक नाही. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना तिथला २००४चा २६१ क्रमांकाचा नियम लागू आहे. हवामानामुळे नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवण आणि मुक्काम द्यावाच लागतो.

औषधं, पासपोर्ट, ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची) आणि प्रत्येकाचा एक गरम कपडा हातातल्या बॅगेत ठेवा. खान्देशातली दुपार उबदार असली तरी रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि गावच्या घरात हीटर नसतो.

आता कार्यक्रमाचं. जमलं तर १९लाच निघा. ते शक्य नसेल तर सासऱ्यांशी, म्हणजे आप्पांशी, स्पष्ट बोलून कार्यक्रम २८ला घ्या. पंचाहत्तरी चार दिवसांनी झाली म्हणून काही बिघडत नाही. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजायची, भरीत नि कळण्याच्या पुऱ्यांची पंगत उठवायची, तर ते २८लाही तितकंच चवदार लागेल. नातवंडांची वाट बघत फोन हातात धरून बसलेल्या आप्पांना मात्र २४ला घास गोड लागणार नाही.

आप्पा म्हणतील, "मी गाडी घेऊन मुंबईला येतो." कितीही आग्रह केला तरी येऊ देऊ नका. जवळपास चारशे किलोमीटरचा रस्ता, त्यात विमान आठ तास लेट, रात्रभर पार्किंगमध्ये ताटकळलेला ड्रायव्हर आणि मग अंधारात कसारा घाट. हौसेपायी म्हाताऱ्या माणसाला या फेऱ्यात पाडणं मला पटत नाही. त्यांनी अमळनेर किंवा जळगाव स्टेशनवर यावं. मुंबईत उतरल्यावर तुम्ही हॉटेलात एक रात्र काढा, झोपा, आणि दुसऱ्या दिवशीची रेल्वे धरा. दादरहून नंदुरबारमार्गे जाणारी खान्देश एक्स्प्रेस अमळनेरला थांबते, पण ती रोज नसते. नाहीतर जळगावला उतरा.

परतीच्या गाडीचा विचार आतापासूनच करा. जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या पंजाब मेल, पुष्पक, महानगरी या गाड्या धुक्यामुळे कित्येक तास उशिरा धावतात. त्यांच्या भरवशावर रात्रीचं विमान धरू नका. नागपूरहून येणारी सेवाग्राम किंवा गोंदियाची विदर्भ एक्स्प्रेस बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा, आणि विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही तिने गेला नाहीत, तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज, भरून पूर्ण पैसे मिळतात. फक्त ती गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत तो भरावा लागतो.