कौन्सिलच्या निकालाची वाट बघत बसू नका

मिरजेच्या एका वाचकाच्या पत्नीची पुण्यात 11 मार्च 2024 ला वजन कमी करण्याची स्लीव्ह सर्जरी (जठराचा बराचसा भाग कापून काढतात ती) झाली. चौथ्या दिवशी घरी सोडलं, सहाव्या दिवशी ताप आणि धाप. जठराच्या टाक्यांतून लीक निघालं, पुन्हा ऑपरेशन झालं, महिनाभर नळी. त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे आणि विचारतात, ‘तिथला निकाल लागला की ग्राहक आयोगात जाऊ ना?’

नाही! महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात आणि दर वेळी डोक्याला हात लावावा लागतो. कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीपुरतं बघतं, भरपाई देत नाही. आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 मधली, तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत थांबत नाही. लीक कळल्याच्या दिवसापासून मोजलं तरी ती मार्च 2026 च्या मध्याला संपते. तुमच्याकडे जेमतेम पाच आठवडे आहेत. वकिलाला शेवटच्या उपचारापासून मुदत मोजण्याचा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका.

उशीर माफ होतो, हे खरं. पण सबळ कारण लागतं. गोव्यातल्या एका परिचारिकेचं 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलं, ते नऊ वर्षांनी निघालं. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली: दुखत होतं, तर इतकी वर्षं तपासणी का नाही केली? तुमचं लीक तर सहाव्या दिवशीच कळलं होतं.

आता पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाकडे येतो. खालच्या कोपऱ्यात, सोडण्याच्या दिवशीची नाडी 126 लिहिली आहे. लीक ही या शस्त्रक्रियेतली माहीत असलेली गुंतागुंत आहे, संमतिपत्रावर ती छापलेली असणारच, आणि लीक झालं एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. पण नाडी इतकी धावत असताना सीटी न करता घरी का पाठवलं, याचं उत्तर संमतिपत्रावरच्या सहीत नाही. माझ्या मते तुमची केस तिथे आहे. निकाल काय लागेल ते सांगणार नाही. एखाद्या त्रयस्थ सर्जनचं मत घ्या.

दोन वर्षं तुम्ही केसपेपर मागितलेच नाहीत, हे वाचून खरंच चिडचिड झाली. उद्याच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 72 तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नर्सिंगच्या नोंदी आणि टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) नाव घेऊन मागा, नाहीतर नुसतं कार्डच पुन्हा हातात ठेवतील. कागद वेळेत आले नाहीत तरी तक्रार दाखल करा, कागद नंतर जोडता येतील.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात चालते, पुण्याला खेटे नकोत. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरूनही टाकता येते. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत. त्या तीन महिन्यांवर माझे काही अशील अजून थांबलेत.

आणि हॉस्पिटलने ‘उरलेलं बिल सोडून देतो, इथे सही करा’ म्हटलं, तर तो कागद आधी मला पाठवा.