आजी देवाला विष का देते?

ओवी,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीच्या पूजेच्या ताटात धोत्र्याचं काटेरी फळ दिसलं आणि तू लगेच गूगल करून विचारलंस, "बाबा, हे पॉयझन आहे ना, मग आजी देवाला का देते?" जरा लागलं मला. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

महादेव आणि हालाहल वगैरे तुला माहितीये, ते परत नको. अमळनेरकडे आपल्या गावात धोत्रा उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवायचा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही पोरं फळं तोडून आणली की आजी ओट्यावरच अडवायची, "पहिले हात धुई ये रे, नईत येडा व्हई जाशी!" म्हणजे तिला पक्कं माहिती होतं, गूगल नव्हतं तेव्हाही.

त्यात ॲट्रोपिन, स्कोपोलामिन असतं. आपल्या नसा ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाने निरोप पोचवतात, त्या रसायनाची जागाच हे अडवून बसतं. मग तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, अंग गरम, छातीत धडधड, लघवी अडते, आणि मेंदूपर्यंत गेलं की नसलेली माणसं दिसतात. जीवही जाऊ शकतो.

आता जिभाऊंचं ऐक. कपाशीवर फवारणी करताना त्यांना औषध चढलं, घाम, तोंडाला फेस, बाहुल्या बारीक ठिपका झालेल्या. तिथे उलटं असतं, तेच ॲसिटिलकोलिन अंगात साचत जातं. दवाखान्यात ॲट्रोपिनची इंजेक्शनं देत राहिले, छातीतला चिकटा सुकेपर्यंत. रात्री जिभाऊ चादरीवरचे नसलेले दोरे वेचत होते आणि बैलांना हाका मारत होते, आम्ही पोरं हसत होतो, काकू रडत होती. पण वाचले!

आणि चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून इथले सिंगापूरचे डॉक्टर तुला रात्री जो थेंब टाकायला सांगतात ना, ०.०१ टक्केवाला, तो पण ॲट्रोपिनच आहे.

म्हणून आजीचंच बरोबर, असं नाही म्हणत मी. छोटी पोरं रांगतात त्या घरात ते फळ ताटात उघडं ठेवावं हे मलाही पटत नाही, आणि आपण स्वतः इथे नुसतं दूध वाहून मोकळे होतो. तरी ते ताट बघितलं की मला गावचा फेब्रुवारी आठवतो, त्याला काय करू.

पुढच्या शिवरात्रीला गावी गेलो तर देवळात यायचं की नाही ते तू ठरव. आजी एकदा विचारेल, दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा मी सांभाळून घेईन.

बाबा