वाचकांचे प्रश्न : कोळशाच्या कन्व्हेअरचे गार्ड

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. एका औष्णिक वीजकेंद्रातील जुन्या कोळसा कन्व्हेअरला (कोळसा वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याला) नवे गार्ड बनवण्याचे काम आमच्याकडे आले आहे. पाहणीच्या वेळी टेल पुलीचे (पट्टा जिथून वळतो त्या मागच्या टोकाच्या चाकाचे) जुने गार्ड काढून बाजूला ठेवलेले दिसले. कामगार म्हणतात, की गार्ड असताना ग्रीस भरता येत नाही, सांडलेला कोळसा ओढता येत नाही, आणि पट्ट्यालगतची आणीबाणीची दोरी ओढली की पट्टा थांबतोच. तेव्हा जाड पत्र्याचे गार्ड वेल्डच करून टाकावे काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वेल्ड करू नये. वेल्ड केलेले गार्ड पहिल्याच दुरुस्तीला गॅसने कापले जाईल आणि पुन्हा बसणार नाही. शिवाय जिथे कोळशाची धूळ साचते, तिथे कापणीची ठिणगी हा वेगळाच धोका. गार्ड का काढावे लागते, हे कामगारांनी तुम्हाला सांगितलेच आहे. तुमच्या रचनेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी दोरीविषयी. पट्ट्याचा वेग सेकंदाला 3 मीटर धरला, तर खोऱ्याचे टोक पुलीत अडकल्यावर अर्ध्या सेकंदात पट्टा 1.5 मीटर पुढे गेलेला असतो, आणि खोरे घट्ट धरलेला माणूस तेवढ्या वेळात हात सोडवू शकत नाही. दोरीमुळे मोटारीची वीज तुटते, परंतु भरलेला पट्टा लगेच जागच्या जागी थांबत नाही. दोरी पूर्ण लांबीभर, चालायच्या प्रत्येक बाजूला असलीच पाहिजे. मात्र तिच्या भरवशावर गार्ड काढणे सर्वथा चूक आहे. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवे, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 मध्येच स्पष्ट केलेले होते.

ग्रीसचा प्रश्न सोपा आहे. बेअरिंगपासून नळी काढून निपल (ग्रीस भरायचे तोंड) गार्डच्या बाहेर पट्टीवर लावावे, आणि पट्ट्याचा ताण जुळवण्याचे स्क्रूही बाहेरूनच फिरतील असे ठेवावे. पत्र्याऐवजी जाळी वापरावी, कारण पत्र्याआड साचलेला चुरा दिसत नाही. जाळीची भोके जितकी मोठी, तितकी ती पुलीपासून लांब हवी. बोट आत गेले तरी पुलीपर्यंत पोहोचता कामा नये. गार्डचे तुकडे दोघांना सहज उचलता येतील एवढेच करावेत आणि ते पान्याशिवाय निघू नयेत.

सांडणारा कोळसा हे मात्र खरे दुखणे आहे, आणि ते गार्ड बदलून बरे होणार नाही. चूटमधून (पट्ट्यावर माल सोडणाऱ्या घसरणीतून) कोळसा पट्ट्याच्या मध्यावर न पडता एका अंगाला पडला, की पट्टा सरकतो आणि कडेने माल सांडतो. स्कर्टचे (पट्ट्याच्या कडेला माल अडवणाऱ्या पट्टीचे) रबर झिजले असेल, तर चुरा फटीतून निसटतो. स्क्रॅपर (पट्ट्याला चिकटलेला चुरा खरवडणारे पाते) झिजला असेल, तर ओला चुरा परतीच्या पट्ट्याला चिकटून खालच्या रोलरवर आणि टेल पुलीपाशी गळत राहतो. या तिन्ही गोष्टी तुमच्या ऑर्डरमध्ये नसतील, तरी वीजकेंद्राच्या अभियंत्यांना लेखी कळवा, असा माझा आग्रह आहे. सांडणे थांबले नाही, तर खोरे घेऊन आत जाण्याची गरज कायम राहील आणि तुमचे चांगले गार्डही बाजूला पडेल.

साचलेल्या चुऱ्यात रोलर अडकला की घर्षणाने तापतो, आणि कोळशाची कोरडी धूळ त्या उष्णतेने धुमसू लागते. ही धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण हवेत दाट पसरलेल्या धुळीचा स्फोट होऊ शकतो. तुमचे ग्राइंडिंग आणि वेल्डिंग शक्य तेवढे वर्कशॉपमध्येच उरका. जागेवर फक्त बोल्ट आवळण्याचे काम ठेवा.

बसवण्याच्या दिवशी केवळ बटण बंद केलेले पुरणार नाही. मुख्य स्विचला कुलूप लागले पाहिजे आणि त्याची किल्ली काम करणाऱ्या फिटरच्याच खिशात असली पाहिजे. चढावरचा भरलेला पट्टा वीज नसतानाही मालाच्या वजनाने मागे घसरू शकतो, आणि ताण देणारे लोंबते वजनही पट्टा ओढू शकते. म्हणून पट्टा रिकामा करून घ्यावा, ते वजन अडकवून ठेवावे, आणि चालू करण्याचा प्रयत्न करूनही पट्टा हलत नाही, याची खात्री झाल्यावरच फिटरला पुलीजवळ जाऊ द्यावे.